उजव्या गालावर ऊन

आमच्या सोसायटीच्या गणपतीत हॉलच्या मागच्या भिंतीवर दरवर्षी काहीतरी लावायचं असतं. एकदा मुलांची चित्रं लागली, एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची जुनी नाणी. मागच्या वर्षी कुणाचंच काही तयार नव्हतं, म्हणून माझे फोटो लागले. व्हिएतनाममधल्या हनोईत काढलेले १८ फोटो, १२ बाय १८ इंचांचे, ठाण्यात गोखले रोडवरच्या एका दुकानातून प्रिंट करून सनबोर्डवर चिकटवलेले. प्रत्येकाखाली पांढऱ्या पट्टीवर एक ओळ. फोटो निवडण्यापेक्षा त्या ओळी लिहायला मला जास्त वेळ लागला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी फजिती त्या ओळींचीच आहे.

लोक आले. आरती झाली, प्रसादाचा द्रोण हातात धरून सगळे भिंतीसमोरून फिरले. "कॅमेरा केवढ्याला पडला?" "एकटीच हिंडायचीस?" "तिथे व्हेज मिळतं का गं?" एक जण म्हणाले, "वा, अगदी कॅलेंडरसारखे आलेत." त्यांनी कौतुकच केलं होतं, पण मला ते दोन दिवस टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजीवाल्या मावशी दर्शनाला आल्या. जांभळी नाक्यावर मंडईच्या बाहेरच्या अंगाला त्या बसतात. आई त्यांच्याकडून तीसेक वर्षं भाजी घेते आणि दर गणपतीला त्यांना बोलावते. पाया पडून, ओटीचा नारळ पदराखाली घेऊन मावशी भिंतीपाशी गेल्या आणि एकेका फोटोपुढे थांबत सरकू लागल्या. बाकीच्यांनी तीन मिनिटांत उरकलेल्या भिंतीला त्यांनी पाऊण तास घेतला. अकराव्या फोटोपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"इथे काय लिवलंय?"

मी वाचलं, "बाजाराकडे. लाँग बिएन पूल, हनोई, सकाळ."

"बाजाराकडे कुठे?" मावशी म्हणाल्या. "ही बाई घरी चाललीय."

*

हनोईला जाण्याचं माझ्या मनात कधीच नव्हतं. धाकट्या भावाची बदली तिकडे झाली, मी नुकतीच बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली होती, आणि तो म्हणाला, ये. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पाच आठवडे मी त्याच्याकडे राहिले. तो सकाळी ऑफिसला गेला की मी छोटा फुजी गळ्यात अडकवून बाहेर पडायचे. ह्या कॅमेऱ्याला झूम नाही. समोरचं मोठं हवं असेल तर आपणच चालत जवळ जायचं. रस्त्यावर फोटो काढणारे फोकस लावत बसत नाहीत. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ/८ वर ठेवायचं, अंतर अडीच मीटरला लावून ठेवायचं, की दीड मीटरपासून जवळपास दहा मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. मग कॅमेरा डोळ्याला लावायचीही गरज उरत नाही. समोरच्याला कळायच्या आत फोटो निघालेला असतो. तेव्हा ह्या गोष्टीचा मला अभिमान होता.

पहिल्या आठवड्यातले फोटो आता उघडले की ओशाळायला होतं. त्रिकोणी टोप्या. फुटपाथवरची बुटकी प्लास्टिकची स्टुलं आणि त्यांवर बसून फो, म्हणजे नूडल्सचं सूप, ओरपणारी माणसं. खांबांवरचे तारांचे गुंते. सायकलवर फुलांचा ढीग, त्या ढिगामागे झाकलेली बाई. जुन्या पेठेत गल्ल्यांची नावं मालावरून पडलेली आहेत: हांग बाक म्हणजे चांदीची, हांग मा म्हणजे कागदी वस्तूंची, हांग थिएक म्हणजे पत्र्याची. पत्र्याच्या गल्लीत अजूनही ठोकाठोकी चालते. मी तिथे तीन तास उभी होते आणि दोनशे फोटो काढले. ठाण्यात भांडी घडवणाऱ्याच्या दुकानासमोर मी आयुष्यात तीन मिनिटंही थांबलेली नाही.

दुसऱ्या आठवड्यात जरा भानावर आले. होआन किएम तळ्याभोवती सकाळी जायची सवय लागली. नावाचा अर्थ 'परत केलेली तलवार'. पंधराव्या शतकातल्या ले लोय राजाने युद्ध जिंकल्यावर तळ्यातल्या कासवाला ती परत दिली, अशी कथा. पहाटे तिथे म्हाताऱ्या बायका टेपरेकॉर्डरवर गाणी लावून व्यायाम करतात, म्हातारे दगडी बाकांवर बसून पायाला चोळत असतात, कुणी ठाण्याच्या मासुंदा तळ्यावरच्या आपल्या लोकांसारखं हात मागे बांधून नुसतंच फेऱ्या मारतं. मासुंदाच्या काठाची, आपल्या तलावपाळीची आठवण झाली आणि फोटो काढायचा उत्साह एकदम ओसरला. जे ओळखीचं वाटलं त्याचा फोटो काढावासाच वाटेना! म्हणजे मी काय शोधत होते? हनोईतलं रोजचं जगणं शोधते आहे, असं भावाला सांगत होते. खरं तर मला जे रोजचं नव्हतं तेवढंच शोधत होते.

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमध्ये एक वाक्य फार फिरतं: परक्याची नजर ताजी असते. उदाहरण ठरलेलं, रॉबर्ट फ्रँक. हा स्वित्झर्लंडचा माणूस १९५५-५६ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकाभर मोटारीने हिंडला, सुमारे २८ हजार फ्रेम्स काढल्या आणि त्यांतल्या ८३ पुस्तकात घेतल्या. अमेरिकनांना स्वतःचा देश त्यातून नव्याने दिसला, आणि पुष्कळांना ते मुळीच आवडलं नाही. आर्कान्सामध्ये तर पोलिसांनी त्याला संशयावरून पकडून ठेवलं होतं. सगळं खरं. पण फ्रँक तोवर अमेरिकेत अनेक वर्षं राहिलेला होता, लोकांचं बोलणं त्याला कळत होतं. पाच आठवड्यांच्या पाहुण्याने त्याचं नाव घ्यायचं म्हणजे जरा जास्तच. (माझ्या ४,३१२ फ्रेम्समधून १८ निवडल्या, म्हणजे साधारण २४० ला एक. फ्रँकचं प्रमाण ३३७ ला एक पडतं. हा हिशेब मी केला आहे, कारण बँकेतली सवय जात नाही.)

मला फ्रँकपेक्षा लिओन बुझी जवळचा वाटतो. हा फ्रेंच लष्करातला अधिकारी, १९१४ ते १९१७ ह्या काळात हनोईच्या परिसरात फोटो काढत होता, तेही रंगीत. आल्बेर कान नावाच्या धनाढ्य फ्रेंच बँकरने १९०९ पासून जगभर माणसं पाठवून रंगीत फोटो जमवायला सुरुवात केली होती, जवळपास ७२ हजार काचा जमल्या. त्यात बुझीचंही काम आहे. ऑटोक्रोम म्हणत त्या पद्धतीला. बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण तीन रंगांत रंगवून काचेवर पसरायचे आणि त्यावर प्रकाशाला संवेदनशील थर द्यायचा. रंग सुरेख यायचे, पण भर उन्हातसुद्धा एखाद-दोन सेकंद काच उघडी ठेवावी लागायची, कधी त्याहून जास्त. जो हलला तो पुसला गेला. म्हणून बुझीच्या फोटोंतली माणसं उभी आहेत. विकणारी विकायची थांबली आहे, वाहणारा ओझ्यासकट थांबला आहे. त्याने आधी विचारलं असणार, थांब म्हणून सांगितलं असणार, निदान हातवारे तरी केले असणार. माझ्या १/५०० सेकंदाला कुणालाच काही विचारावं लागलं नाही.

*

लाँग बिएन पुलावर मी सात-आठ वेळा गेले. फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये बांधलेला हा लोखंडी पूल लाल नदीवरून जातो. नाव आधी गव्हर्नर-जनरल पॉल दूमेरचं होतं. १९६७ आणि १९७२ मध्ये अमेरिकी विमानांनी त्यावर पुन्हा पुन्हा बाँब टाकले, प्रत्येक वेळी तो डागडुजी करून उभा केला गेला, त्यामुळे काही गाळ्यांवर जुनी उंच जाळी आहे आणि काही नुसते सपाट. मधून रेल्वे, दोन्ही बाजूंना दुचाक्या आणि सायकली, आणि अगदी कडेला पायवाट. पायवाट म्हणजे सिमेंटच्या फरश्या, आणि त्यांच्या फटींतून खाली पाणी दिसतं, मग नदीमधल्या बेटावरच्या केळी दिसतात. आगगाडी आली की पायाखालची फरशी टक् टक् वाजते. व्हिएतनामात सगळीकडे रहदारी उजवीकडून चालते, फक्त ह्या पुलावर डावीकडून. मला तिथे फार बरं वाटायचं.

पुलाच्या शहराकडच्या टोकाशी लाँग बिएनचा घाऊक बाजार आहे. फळं, भाजी, मासळी. मध्यरात्रीनंतर भरतो आणि उजाडायच्या सुमाराला आवरत येतो. हे मला माहीत होतं. हे पुन्हा एकदा लिहिते: हे मला माहीत होतं.

त्या दिवशी समोरून ही बाई येत होती. चाळिशीची असेल. खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना शिंक्यांत टोपल्या. पुढच्या टोपलीवर तिची टोपी. कावडीच्या दांडीला एक पातळ प्लास्टिकची पिशवी लटकलेली. जाळीतून आलेलं ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं. मी चालता चालताच छातीपाशी धरलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. ती गेली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावर फोटो पाहिला आणि कळलं, हाच. ओझं, पूल, कोवळं ऊन, कष्टकरी बाई, दिवसाची सुरुवात. ओळ आपोआप सुचली. रंग थोडे उबदार केले, म्हणजे सकाळ आणखी सकाळ झाली.

*

"घरी कशावरून?" मी विचारलं. खरं सांगायचं तर जरा तोऱ्यातच विचारलं.

मावशींचं माहेर वसईकडचं. त्यांचे वडील कावड घेऊन पहाटेच्या गाडीने भाजी विकायला यायचे, हे मला त्या दिवशी कळलं. तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"ही दांडी बघ. खांद्यावर मधोमध आहे का?"

नव्हती. पुढचा भाग लांब होता, मागचा आखूड. मी हा फोटो संगणकावर मोठा करून निदान शंभरदा पाहिला होता.

"पुढे लांब सुटलीय म्हंजे पुढे वजन नाय. जड बाजू खांद्याजवळ घ्यायची, हलकी लांब टाकायची, तवा तोल ऱ्हातो. निघताना दोन्हीकडे सारखं भरतात. इकताना मग इकडचं तिकडं होतं. बाबा तर पुढची पाटी आधी खपवायचे, मागे नजर ऱ्हात नाय म्हणून." त्यांनी बोट फोटोला न टेकवता हवेतच फिरवलं. "आता टोपी बघ. पाटीत अर्धी आत गेलीय. माल असता तर वरच ऱ्हायली असती."

टोपी खरोखरच अर्धी आत होती. टोपलीच्या काठाची रेघ टोपीच्या मधून जात होती. मला वाटलं होतं, भाजी उन्हाने सुकू नये म्हणून झाकली असेल.

"आणि ही पिशवी. कायतरी घरचं घेतलंय. इकायला निघालेली बाई घरचं सामान घेऊन निघत नाय, इकून झाल्यावर घेते. मी नाय का, तुझ्या आईकडे येताना हातात दुधाची पिशवी असते."

मागे उभी असलेली आई म्हणाली, "असते." तिला भारीच मजा येत होती.

मी म्हटलं, "पण मावशी, सकाळ आहे."

"मग? रातीच्या बाजाराला गेली असंल. आमची पण रात तीनला सुरू होते."

मग त्या बाराव्या फोटोकडे सरकल्या. त्यात एक माणूस फुटपाथवर रताळी निवडत होता. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "हा इकतोय का घेतोय?" मला सांगता आलं नाही. माझ्या ओळीत 'विक्रेता' असं लिहिलेलं होतं.

*

रात्री सगळे झोपल्यावर मी मूळ फाइल उघडली. हरायचं असेल तर पुराव्यानिशी हरावं, म्हणून.

पहिली गोष्ट वेळ. फाइलमध्ये ८:४१ होती. म्हणजे सकाळच, मी बरोबर. मग त्याच दिवशीचा एक कॉफीच्या दुकानातला फोटो उघडला, त्यात भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळात १०:४५. फाइलमध्ये ९:१५. कॅमेऱ्याचं घड्याळ मी बदललंच नव्हतं! पाच आठवडे तो ठाण्याच्या वेळेवर चालत होता आणि हनोई आपल्यापेक्षा दीड तास पुढे. पुलावरची बाई १०:११ ला चालत होती. सव्वादहाला कोण बाजाराला निघतं? आणि ते कोवळं ऊन? ते मी घातलेलं.

दुसरी गोष्ट दिशा. नकाशा काढला. शहराच्या टोकाकडून पूल साधारण ईशान्येला जातो. ऑक्टोबरच्या अखेरीला सकाळी दहाच्या सुमाराला सूर्य आग्नेयेला. म्हणजे शहरातून बाहेर जाणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताला ऊन, आणि शहराकडे येणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागून. तिच्या कोणत्या गालावर ऊन आहे ते मी पाहिलं. उजव्या. नीट खात्री व्हावी म्हणून उठून आरशासमोर उभी राहिले, कारण समोरून काढलेल्या फोटोत उजवं-डावं उलटं दिसतं आणि रात्री एक वाजता माझा त्यात नेहमी घोळ होतो. उजवाच.

शहराबाहेर. बाजाराकडे पाठ करून.

ऊन कुठून येतंय हे पाहणं फोटो काढणाऱ्याचं पहिलं काम. मी ते पाहिलं होतं, पण फक्त चेहरा उजळतोय का, एवढ्यापुरतं. बाई कुठे निघाली आहे, हे त्याच उन्हात लिहिलेलं होतं. मावशींना तर उन्हाची गरजही पडली नाही.

सकाळी हॉलमध्ये जाऊन ती पट्टी काढली. सनबोर्डवर गोंदाचा डाग राहिला. विसर्जनापर्यंत अकरावा फोटो ओळीशिवाय होता आणि कुणीही त्याबद्दल विचारलं नाही.

*

ह्यानंतर आठवड्यातून एकदा मी टॅब घेऊन जांभळी नाक्यावर जाते. दुपारी तीन-साडेतीनला गर्दी ओसरलेली असते, मावशी गोणपाटावर मेथीच्या जुड्या सुतळीने बांधत असतात, तेव्हा. आधी भाजी घ्यायची, मग चार-पाच फोटो दाखवायचे, असा अलिखित करार आहे. निवडलेले १८ संपले, आता उरलेल्या ४,२९४ पैकी दाखवते. मी टाकून दिलेल्या फोटोंत त्यांना जास्त रस आहे. तिरके, हललेले, कोपऱ्यात कुणाचा हात आलेला. "ह्याचा तराजू बघ, ताई, पारडं बांधून ठेवलंय." "ही पाणी मारतेय पाल्यावर, म्हंजे दुपार उलटली." "हा मालक नाय, नोकर आहे. गल्ल्याकडे पाठ करून बसलाय." कधी कधी त्या चुकतही असतील. हनोईची भाजी आणि ठाण्याची भाजी एकच नाही. पण त्या चुकल्या तरी पाहून चुकतात.

एकदा सहज म्हटलं, "मावशी, तुमचा एक काढू?"

"नको."

इतक्या पटकन म्हणाल्या की मी कॅमेरा पिशवीतून काढलाही नव्हता. मागे कुणीतरी असाच काढला होता, पेपरात आला होता, मंडईची गर्दी की काय असं खाली लिहून. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तिथून उठवलं, तीन दिवस बसता आलं नाही. फोटोमुळेच उठवलं का, ते कुणी सांगितलं नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे हे मी त्यांना सांगायला लागले, तर म्हणाल्या, "तो कायदा तुझ्या मोबाइलमध्ये आहे, माझ्याकडे नाय." पुढे मला कळलं की व्हिएतनामच्या २०१५ च्या दिवाणी संहितेत ३२ वं कलम आहे: माणसाला आपल्या प्रतिमेवर हक्क असतो, ती वापरायची तर त्याची संमती लागते. सार्वजनिक कार्यक्रमांसारखे काही अपवाद सोडून. पूल हा काही कार्यक्रम नव्हे. तिथल्या कित्येक बायका मला बघून तोंड फिरवायच्या, ते मी लाजणं समजले होते. एकीने तर हात आडवा धरला होता. तो फोटो मी निवडलेल्या अठरांत होता, सातवा. हात फार छान आला होता. आता तो कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून.

अकरावा मात्र मी घरात लावला. मागच्या आठवड्यात मावशींना सांगितलं की नवी पट्टी लिहायची आहे. "लाँग बिएन पूल, १०:११, शहराबाहेर" असं लिहू का?

"घरी लिव ना. सरळ."

"घरीच चालली होती हे मला कुठे माहीत आहे, मावशी? शहराबाहेर चालली होती, एवढंच दिसतंय."

त्यांनी जुडी बांधता बांधता विचार केला. सुतळी दाताने तोडली. "बरं. मग नको लिवू. पण ती पिशवी मोठी करून बघ. काय घेतलंय तिने?"

मी टॅबवर दोन बोटं फाकवली. पिशवी मोठी झाली, मग दाणेदार झाली. मावशींनी हात गोणपाटाला पुसले आणि टॅब स्वतःच्या हातात घेऊन उन्हाआड, टोपलीच्या सावलीत धरला. बराच वेळ दोघीही वाकून बघत होतो. एक बाई येऊन भेंडीचा भाव विचारून, उत्तर न मिळाल्याने निघून गेली.

"निळं आहे कायतरी," मावशी म्हणाल्या.